लाठीमाराचा कर्ता

इंग्रजीत आपल्या देशात रुळलेले एक विचित्र जोडक्रियापद आहे: 'लाठीचार्ज'. त्याचा पूर्वार्ध आपला, उत्तरार्ध साहेबाचा, आणि मार मात्र सगळा आपल्याच पाठीवर! संस्कृत 'यष्टि'ची प्राकृतात 'लट्ठि' झाली, तिचीच ही लाठी. 'चार्ज'चे मूळ लॅटिनमधल्या गाडीवाचक शब्दात सापडते. गाडीवर ओझे लादणे हा त्याचा जुना अर्थ. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर बंदुकीत बार भरणे, माणसावर जबाबदारी टाकणे, आरोप ठेवणे, शत्रूवर तुटून पडणे, असे नाना अर्थ त्याला फुटले. आपल्या कचेऱ्यांतून साहेब 'चार्ज' घेतात, तो यांतला जबाबदारीचा.

पण तुटून पडायचे तर समोर शत्रू हवा. १९३० साली अंधेरीच्या अलीकडे, विलेपारल्याला जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला यांच्या पुढाकाराने मिठाच्या सत्याग्रहाची छावणी उभी राहिली, हे उपनगरांतल्या जुन्या घरांना ठाऊक असेल. त्याच वर्षी २१ मे रोजी गुजरातेत धारासणा येथे अशाच सत्याग्रहींच्या रांगा मिठागराकडे चालत गेल्या. डोक्यांवर लाठ्या बसत होत्या, आणि मार चुकवण्यासाठी कोणी हातसुद्धा वर केला नाही, असे वेब मिलर या अमेरिकन बातमीदाराने जगाला कळवले. त्यालाही नाव 'चार्ज'च!

इंग्रजीत हे क्रियापद कर्मणी प्रयोगात घातले की मारणारा वाक्यातून अलगद निघून जातो. मराठीने त्यावर ताण केली. 'पोलिसांना लाठीमार करावा लागला.' भूक लागते, ठेच लागते, तसाच हाही 'लागतो'. शिवाय तो बहुधा 'सौम्य' असतो! सौम्य कोणाला? हे विशेषण लावणाऱ्याने एकदा इस्पितळात जाऊन विचारून यावे.

शिपाई बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्यावरही दगड येतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. कधी बळ वापरणे भागही पडत असेल. परंतु ते भाग होते की नव्हते, हे चौकशीने ठरायचे. 'करावा लागला' म्हटले की चौकशीआधीच निकाल लागतो, आणि तो लावणारे कोण, तर सकाळी चहा घेता घेता बातमी वाचणारे तुम्हीआम्ही. 'पोलिसांनी माणसांना लाठ्यांनी मारले' हे वाक्य व्याकरणाला काही अवघड नाही. शाळेतले पोरही ते लिहील. वर्तमानपत्रांत ते किती वेळा आढळते, हे वाचकांनी सवडीने मोजून पाहावे.