पकड रस्त्याची की रबराची?

वसई फाट्याजवळ भर पावसात एखादी दुचाकी घसरली, की जमलेल्या माणसांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रस्ताच गुळगुळीत झालाय. दुसरा टायरची नक्षी बोटाने चाचपतो आणि म्हणतो, "काय राहिलंय यात?" विज्ञानातही हा वाद बराच जुना आहे.

1699 मध्ये फ्रान्सच्या आमोंतोंने सांगितलं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. कारणही सोपं दिलं: एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा अडकतो. लाकडाला, धातूला हा नियम बरा लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही. वजन दुप्पट केलं तरी त्याचं घर्षण दुप्पट होत नाही, आणि खाचा नसलेल्या स्वच्छ काचेलाही ते घट्ट धरतं. मग चिकटणं हेच कारण म्हणावं, तर 1958 मध्ये ग्रीनवूड आणि टेबर यांनी वंगण लावलेल्या रबरावरून कठीण गोळा फिरवला. चिकटणं जवळजवळ संपलं, तरी रोध उरलाच.

तो येतो रबराच्या आळसातून. खडीच्या टोकावरून जाताना रबर दबतं, पण पूर्ववत व्हायला त्याला वेळ लागतो. त्यामुळे टोकाच्या एका अंगाला दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. मधली ऊर्जा उष्णता होऊन जाते. टुणटुण उडणाऱ्या चेंडूचं रबर चपळ असतं, म्हणूनच ओल्या रस्त्यावर त्याचा टायर कामाचा नाही.

1963 मध्ये ग्रॉशने अगदी सावकाश, निरनिराळ्या तापमानांना रबर घासलं. रबर थंड करणं आणि वेग वाढवणं यांचा परिणाम एकाच वक्रावर बसतो, हे त्याने दाखवलं. मला या साऱ्या कथेतला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. थंडी आणि वेग दोन्ही रबराच्या आळसावरच बोट ठेवतात, म्हणून पकड रबरात शोधायला हवी, हे इथे पक्कं झालं.

पण रस्ता सुटला नव्हता. 2001 मध्ये पेर्सन यांनी तो पुन्हा गणितात आणला, सगळ्या आकारांच्या खडबडीसकट. सेकंदाला एक मीटर घसरणाऱ्या रबराला सेंटिमीटरभर अंतरावरचे उंचवटे सेकंदाला 100 वेळा दाबतात, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतरावरचे लाखभर वेळा. प्रत्येक ठोक्याला रबर वेगळ्या आळसाने उत्तर देतं. त्या साऱ्यांची बेरीज म्हणजे पकड.

पुढे 2004 मध्ये पेर्सन आणि सहकाऱ्यांनी पावसाचा प्रश्न घेतला. ताशी 60 किलोमीटरच्या आतही ओल्या रस्त्यावर पकड 20 ते 30 टक्के का घटते? त्यांचं उत्तर असं की खळग्यांत साचलेल्या पाण्यावर रबर झाकणासारखं बसतं, पाणी कोंडलं जातं आणि बारीक खडबड रबरापर्यंत पोचतच नाही. पहिल्या सरीतला धूळ-तेलाचा राडा हा हिशेब वेगळा.

म्हणजे फाट्यावरचा पहिला पक्षही खोटा नव्हता: रस्ता झिजला नसेल, पण टायरपुरता तो खरोखरच गुळगुळीत झालेला असतो. आणि दुसरा ज्या नक्षीवर बोट ठेवतो, ती चाकाखालचं पाणी बाहेर काढते. खळग्यात कोंडलेल्या थेंबापर्यंत तिचा हात पोचत नाही.