भीती कुणी गिळली?

गोरिला बघून आलेल्या माणसाला बोलतं करायचं असेल तर "भीती नाही वाटली?" एवढंच विचारावं. मग रवांडातल्या किनिगीची सकाळची थंडी, ज्वालामुखीच्या उतारावरचा घोटाभर चिखल, पँटीतूनही अंगाची आग करणारी झुडपं, पुढे कोयत्याने वाट मोकळी करत जाणारा माणूस असं सगळं यथासांग येतं आणि शेवटी झाडोऱ्यात बसलेला दीडशे-पावणेदोनशे किलोचा सिल्व्हरबॅक, म्हणजे रुपेरी पाठीचा प्रौढ नर. सांगणारा खोटं बोलत नसतो. चढण खरोखरच दम काढते. मध्ये काच नाही, गज नाही, जीपचा पत्राही नाही, अशा अवस्थेत एवढा थोरला प्राणी समोर आला की छातीत धडधडणारच. तरी त्या भेटीत भीती दोन्ही बाजूंनी गिळलेली असते, आणि हकिगतीत मात्र एकाच बाजूची येते. पर्यटकाने ती एक तास गिळली. गोरिलाला त्यासाठी दोन-दोन वर्षं लागली.

जंगलातलं गोरिलांचं कुटुंब माणसाला सरावतं कसं, हे मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे. काही ट्रॅकर रोज त्याच कुटुंबाच्या मागावर जातात. सुरुवातीला माणूस दिसला की सगळं कुटुंब ओरडत पळतं. नर उलटून अंगावर धावून येतो. तेव्हा पळायचं नाही, खाली बसायचं, नजर जमिनीकडे वळवायची, पाला चघळल्याचं सोंग करायचं. गोरिला निवांत असले की घशातून ढेकर दिल्यासारखा एक खर्ज काढतात, तोही काढून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, महिनोन् महिने. हळूहळू धावून येणं कमी होतं, मग पळणं थांबतं, आणि एके दिवशी माद्या पिल्लांना घेऊन त्या माणसांसमोर खात बसतात. त्यानंतर त्या कुटुंबाला भेटण्याचं परमिट विकायला निघतं. रवांडात २०१७पासून त्याचा दर माणशी १५०० डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. एका वेळी आठच माणसं आणि एकच तास.

शोधण्याचा भागही निम्माअधिक ठरलेलाच असतो. पर्यटक नाश्ता करत असतात तोवर ट्रॅकर आदल्या दिवशीच्या जागेवर पोहोचलेले असतात. मोडलेल्या देठांचा माग काढत ते रात्रीच्या घरट्यांपाशी जातात, कारण गोरिला रोज संध्याकाळी पाला दुमडून नवं अंथरूण करतात, आणि तिथून वायरलेसवर गाइडला जागा कळवतात. आपण जंगल पालथं घातलं या समाधानाला ही बातमी जरा टाचणी लावते. असो, समाधानाचे पैसे भरलेले असतात.

याआधी माणसाने या प्राण्याशी ओळख केली ती बंदुकीच्या नळीतून. १९०२ साली साब्यिन्यो ज्वालामुखीवर जर्मन कॅप्टन रॉबर्ट फॉन बेरिंगे याने दोन गोरिला मारले. त्यावरून पर्वतीय गोरिला विज्ञानाला माहीत झाला आणि त्याच्या शास्त्रीय नावात मारणाऱ्याचंच नाव कायमचं बसलं. १९२१मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी कार्ल एकली याने आणखी काही मारले. तिथल्या काचेआड ते आजही आहेत. पण एकलीचं मन त्यालाच खाऊ लागलं. पुढे त्यानेच तेव्हा काँगोचा ताबा असलेल्या बेल्जियमच्या राजाकडे या डोंगरांसाठी अभयारण्य मागितलं, आणि १९२५ साली आफ्रिकेतल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक तिथे उभं राहिलं. दुसऱ्याच वर्षी तो मिकेनो डोंगरावर आजारी पडून वारला. त्याची कबर काबाराच्या कुरणात आहे.

त्याच कुरणात १९५९मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर आपल्या पत्नीसह राहायला आला. बंदूक न घेता तो सावकाश, उघड्यावरून, गोरिलांना दिसेल असा चालत जाई आणि बसून राही. छाती पिटणाऱ्या राक्षसाची जी गोष्ट युरोपात शंभर वर्षं खपली होती, ती त्याच्या वह्यांनी संपवली. छाती पिटण्यामागे बहुतेकदा रक्तपिपासा नसते, बडेजाव असतो किंवा घाबरगुंडी. हाच शॅलर पुढे मध्य प्रदेशात कान्हाला आला आणि वाघ-हरणांचा पायाभूत अभ्यास त्याने तिथे केला. आपल्याकडच्या वाघाच्या शास्त्रालाही त्याच पद्धतीचं वळण आहे.

गोरिलांची अभ्यासक डायन फॉसी १९६७मध्ये आली, तीही आधी काँगोतल्या काबारालाच. काँगोतून निघावं लागल्यावर रवांडाच्या बाजूला तिने कारिसोके हा तळ उभारला. तिथल्या एका तरुण नराला तिने डिजिट हे नाव दिलं होतं. तो तिच्याशी इतका सलगीने वागे की त्याचं छायाचित्र रवांडाच्या पर्यटनाच्या पोस्टरवर झळकलं. १९७७च्या ३१ डिसेंबरला शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी भोसकलं आणि त्याचं डोकं व हात तोडून नेले. तो लढत राहिला तोवर बाकीचं कुटुंब निसटलं. २००७च्या जुलैत काँगोच्या विरुंगा उद्यानात एका सरावलेल्या कुटुंबातला सेन्क्वेक्वे नावाचा नर आणि काही माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांसासाठी नाही की कातड्यासाठी नाही. संशय गेला तो जंगलातल्या चोरट्या कोळशाच्या धंद्याकडे. माणूस दिसताच पळणाऱ्या कुटुंबाला असं जवळून टिपणं इतकं सोपं गेलं नसतं.

भीती हे जनावराचं चिलखत आहे. आपण ते दोन वर्षं खपून, मोठ्या प्रेमाने उतरवतो. मग राखण करायची जबाबदारी कुणाची? फॉसीचं उत्तर साधं होतं : पर्यटक नकोच. १९७९मध्ये बिल वेबर आणि एमी वेडर या संशोधकांनी मोजक्या पर्यटकांना आणायची योजना मांडली तेव्हा ती संतापली. पण त्या वेळी रवांडातल्या उद्यानाचा आणखी एक लचका तोडून तिथे गुरं चारायचा विचार सरकारदरबारी चालू होता. १९६९मध्ये कीटकनाशकासाठी लागणाऱ्या पायरेथ्रमच्या फुलशेतीला हजारो हेक्टर जंगल आधीच गेलेलं होतं. गरीब देशाला गोरिलापेक्षा गाय परवडते, हे वेबर-वेडरना कळलं होतं आणि फॉसीला कळून घ्यायचं नव्हतं. विरुंगाच्या डोंगरांत १९८१च्या सुमारास अडीचशेच्या आसपास पर्वतीय गोरिला उरले होते. पुढे एका गणनेत तिथे ६०४ भरले, आणि युगांडातल्या ब्विंडीचे धरून संख्या हजारावर गेली. २०१८मध्ये हा प्राणी 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'मध्ये आला. मध्ये रवांडातला १९९४चा नरसंहार आणि यादव्या होऊन गेल्या, तरीही. पर्यटनाबाबत फॉसी चुकली असं माझं मत आहे. चिलखताबाबत ती चुकली नव्हती.

हिशेबात आणखी एक बाजू आहे, आणि ती फोटोत येत नाही. ब्विंडीच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या बाट्वा लोकांना १९९१मध्ये उद्यान झालं तेव्हा बाहेर काढलं गेलं. पाहुण्याला एका तासासाठी जे जंगल मिळतं, त्यातच ज्याचं घर होतं त्याला ते मिळत नाही. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आता आसपासच्या गावांना जातो, हे बरं आहे. उरलेल्या नव्वदांबद्दल गावकरी काय म्हणतात, ते टूर कंपनीच्या माहितीपत्रकात कशाला असेल?

अंतराचा नियम २०२०पर्यंत सात मीटरांचा होता, आता ते अंतर आणखी वाढवलं आहे. त्याचं कारण नखंदात नाही, आपला श्वास आहे. आपल्याला साधी वाटणारी सर्दी गोरिलाच्या फुफ्फुसात उतरली तर जीव घेऊ शकते, तसे मृत्यू झालेलेही आहेत. नियम गोरिलाला माहीत नसतो. पोरं खेळत खेळत बुटाच्या नाडीपर्यंत येतात. तेव्हा मागे सरायचं काम माणसाचं. तो सरतो का, हे समाजमाध्यमांवरच्या फोटोंत दिसतंच. एवढं विमानभाडं आणि परमिट भरून फाटकावर "मला खोकला आहे, मी येत नाही" असं स्वतःहून सांगणारा प्रवासी किती विरळा असेल याची कल्पना करावी. चिखल तुडवण्यापेक्षा ते अवघड आहे.

हे सगळं लांब आफ्रिकेत चाललंय असं समजून हसायची सोय आपल्याला नाही. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यावर दोन्हीकडून कोंडलं. व्हिडिओ पसरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वाघिणीने झेप घेतली नाही, कारण गाडी म्हणजे काय हे तिला पाठ झालं होतं. विदर्भातले आपले वाघही सरावलेलेच आहेत. फरक इतकाच की त्यांना मुद्दाम कुणी सरावून घेतलं नाही, इंजिनांच्या रोजच्या घरघरीने ते आपोआप झालं. म्हणून ती जबाबदारी आपली आहे असं कुणालाच वाटत नाही.

ब्विंडीत आता आणखी एक तिकीट निघालं आहे : सरावण्याच्या प्रक्रियेतच सामील व्हायचं. माणसं कमी, वेळ चार तास, दर साध्या परमिटच्या दुपटीहून जास्त. बिचकणारा, खात्री नसलेला, क्वचित अंगावर धावून येणारा गोरिला हे त्याचं आकर्षण. म्हणजे प्राण्याची उरलीसुरली भीतीसुद्धा आता प्रेक्षणीय. सरावलेली जेवढी कुटुंबं आहेत तेवढ्यांवर राखण आणि गावांचा वाटा चालवता येत असेल, तर बाकीच्यांना पळू द्यावं. साधं परमिट मी पैसे जमले तर काढीन. हे दुसरं नाही.