पाहणाराचे ऋण

दुसऱ्याच्या संकटाकडे पाहणे ही नीतीच्या दृष्टीने निर्दोष गोष्ट आहे काय, हा प्रश्न नवा नाही. रस्त्यात अपघात झाला म्हणजे भोवती जमणारे कोंडाळे प्रत्येक पिढीने पाहिले आहे, आणि प्रत्येक पिढीतील शहाण्या माणसांनी त्यास नावे ठेवली आहेत. परंतु आपल्या काळात या जुन्या प्रश्नास एक नवे अंग फुटले आहे. पूर्वी गर्दी पांगली म्हणजे पाहणेही संपत असे. आता ते संपत नाही. संकटाचा क्षण छायाचित्रात धरून ठेवता येतो, हातोहात फिरवता येतो, आणि पन्नास वर्षांनी, हजारो कोसांवर, त्या घटनेशी सुतराम संबंध नसलेला मनुष्य तो घरी बसून निवांतपणे न्याहाळू शकतो. अशा पाहणाराच्या अंगी काही कर्तव्य उरते काय? की जे घडून गेले त्याचे आपल्याकडे काहीच मागणे नाही?

हा विचार मनात येण्यास जे निमित्त झाले ते वाचकांस कदाचित क्षुल्लक वाटेल. दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या कोपरात काही तरुण मंडळींस मोटारींच्या शर्यतींचा मोठा नाद आहे. शर्यतीची मोटार त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नाही; दिल्लीजवळच्या बुद्ध शर्यतमार्गावर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ज्या फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, त्यास जाऊन आलेला एखाददुसराच. तरी शर्यतींची जुनी-नवी छायाचित्रे गोळा करावी, एकमेकांस दाखवावी आणि त्यांवर तासन् तास वाद घालावा, हा त्यांचा आवडता उद्योग आहे. एकाने चित्र पुढे करावे, दुसऱ्याने साल सांगावे, तिसऱ्याने मोटारीच्या क्रमांकावरून चालक ओळखावा आणि चौथ्याने तो चालक त्या वर्षी तेथे नव्हताच असे सिद्ध करून दाखवावे! वडीलधारी माणसे यास रिकामटेकडेपणा म्हणतात. आमचे मत मात्र या उद्योगाकडे पाहता पाहता बदलत गेले, आणि ते का बदलले हेच येथे सांगावयाचे आहे.

या चित्रांत निखळ सौंदर्याची चित्रे पुष्कळ आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जाक आंरी लार्तीग नावाच्या फ्रेंच तरुणाने पहिल्या महायुद्धापूर्वी टिपलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात भरधाव मोटारीचे चाक वाटोळे नसून लांबट, पुढे झुकलेले दिसते. उलट कडेला उभे असलेले प्रेक्षक मागे कललेले दिसतात. त्या काळच्या कॅमेऱ्यात पडद्यातली एक अरुंद फट काचेवरून सरकत जाई आणि चित्र तुकड्यातुकड्याने उमटे; तेवढ्या अवधीत मोटार पुढे गेलेली असे आणि तिच्या मागोमाग कॅमेराही फिरलेला असे. म्हणजे चाकाचा तो आकार ही यंत्राची चूक होय. परंतु वेग म्हणजे काय हे त्या चुकीइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेच सांगितले नसते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लार्तीगच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि त्यांस जगभर मान्यता मिळाली. असे चित्र पाहून कोणी हरखून गेला तर त्यात नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो निराळ्या चित्रांपाशी. २९ जुलै १९७३ रोजी हॉलंडमधील झांडफोर्ट येथे शर्यत चालू असता रॉजर विल्यमसन या इंग्रज तरुणाची मोटार उलटली आणि पेटली. त्याचे वय पंचविसाचे. फॉर्म्युला वनमधील ही त्याची दुसरीच शर्यत. तो मोटारीखाली अडकलेला होता, परंतु जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्ली या चालकाने आपली मोटार थांबविली, धावता मार्ग ओलांडला आणि एकट्याने ती जळती मोटार सरळ करण्याची पराकाष्ठा केली. जवळच्या रक्षकांच्या अंगावर आगीपासून रक्षण करणारा पोशाख नव्हता. त्यांना पुढे होता येईना. पर्लीने आग विझविण्याचे नळकांडे घेऊन ते रिते केले, जाणाऱ्या मोटारींस थांबण्याविषयी हातांनी विनविले. कोणी थांबले नाही. शर्यतही थांबली नाही. विल्यमसन मेला. जॅकी स्टुअर्टने ती शर्यत जिंकली आणि आयुष्यातील सव्विसावा विजय मिळवून पूर्वीचा उच्चांक मोडला. हा सारा प्रकार छायाचित्रांच्या एका मालिकेत उतरला आहे: मोटारीस खांदा लावणारा पर्ली, धूर, दूर उभे असलेले रक्षक, आणि शेवटी हात खाली टाकून माघारी फिरलेला तोच मनुष्य.

ही मालिका पाहणाराच्या मनात पहिली भावना उठते ती इतर चालकांविषयीच्या संतापाची. परंतु येथेच ती चर्चा, जिला आपण रिकामटेकडी म्हणतो, उपयोगी पडते. पुढे कळून आले की जवळून गेलेल्या अनेक चालकांस पर्ली हाच त्या जळत्या मोटारीचा चालक वाटला होता. तो सुखरूप बाहेर पडला आहे, मग थांबावयाचे कशासाठी, असा त्यांचा समज झाला. त्यांनी जे पाहिले ते निमिषाच्या अंशापुरते. वेगात असलेल्या माणसास दया नसते असे नव्हे. तिला जागे होण्यास वेळ मिळत नाही. उलट १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे निकी लाउडाची मोटार पेटली, तेव्हा मागून येणारे चालक तेथेच थांबले. मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल या चौघांनी आगीत शिरून त्यास ओढून काढले, आणि लाउडा सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीस उभा राहिला. हे चौघे झांडफोर्टच्या चालकांहून स्वभावानेच थोर होते असे मानण्याचे कारण नाही. आत माणूस आहे हे त्यांस दिसले, एवढाच दोहोंत महत्त्वाचा फरक.

आता पाहणाराकडे वळू. अशी चित्रे पाहण्यात मनास एक प्रकारचे सुख होते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या साहित्यशास्त्राने या सुखाचा विचार फार पूर्वी केला आहे. करुण रसात दुःख असता आनंद कसा होतो, याचे उत्तर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाच्या कल्पनेने दिले. रंगभूमीवरील शोक माझा नव्हे, शत्रूचा नव्हे, कोणा एकाचा नव्हे. तो व्यक्तीपासून सुटलेला असतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. हे उत्तर नाटकापुरते आम्हांस पूर्ण पटते. कारण पडदा पडल्यावर नट उठून घरी जातो. छायाचित्रातला मनुष्य उठत नाही. त्याच्या बाबतीत साधारणीकरण करणे म्हणजे त्याचे मरण त्याच्यापासून हिरावून घेणे होय. ‘आग’, ‘शौर्य’, ‘नियती’ अशी मोठी नावे देऊन आपण त्या चित्राचा रसास्वाद घेऊ लागलो की त्यातील पंचवीस वर्षांचा तरुण नाहीसा होतो. म्हणून आमच्या मते छायाचित्रापुढे पाहणाराचे कर्तव्य नेमके उलट आहे. काव्यात विशेषाकडून सामान्याकडे जावे. छायाचित्रात सामान्याकडून विशेषाकडे परत यावे. हा कोण? याचे पुढे काय झाले? त्यास वाचवावयास कोण धावला, आणि जे धावले नाहीत ते का धावले नाहीत?

नाद लागलेली मंडळी हे प्रश्न आपसूक विचारतात. साल, स्थळ, क्रमांक, नाव यांविषयीचा त्यांचा हट्ट पंडिती वाटतो खरा; पण त्या हट्टामुळेच विल्यमसन हा विल्यमसन राहिला आहे. पर्लीस पुढे जॉर्ज पदक मिळाले आणि १९८५ साली तो विमान कोसळून मरण पावला, हे ज्यास ठाऊक आहे तो त्या मालिकेकडे करमणुकीच्या दृष्टीने पाहू शकेल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय अशा स्मरणाचे फळ केवळ भावनेचे नसते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे रोमँ ग्रोझाँची मोटार लोखंडी कठड्यात घुसून पेटली, आणि सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. ते छायाचित्र आज सर्वत्र आहे. पाहणारे त्यास चमत्कार म्हणतात. परंतु चालकाच्या डोक्यावरील धातूची कमान, अग्निरोधक पोशाख, पहिल्या फेरीत मोटारींच्या मागोमाग धावणारी वैद्यांची गाडी, या साऱ्या गोष्टी जुन्या मृत्यूंची आठवण ठेवणाऱ्यांनी एकेक करून मिळविल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक प्रथम पुष्कळांस नकोशा होत्या. १९७३ चे चित्र आणि २०२० चे चित्र शेजारी शेजारी ठेवून जो पाहतो त्यास चमत्कार दिसत नाही; ऋण फेडले गेलेले दिसते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, नाव कळल्याने पाहण्याचा अधिकार मिळत असेल, तर मग ज्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे त्याचे सर्व काही पाहण्यास मोकळीक झाली. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. मायकेल शूमाकर हे नाव महाराष्ट्रात मोटारशर्यत न जाणणाऱ्या घरांतही पोहोचले, ते २००२ साली त्याच्या हस्ते सचिन तेंडुलकरास फेरारी मोटार भेट मिळाली तेव्हा. २०११ साली पहिल्या भारतीय शर्यतीच्या अखेरीस चौकडीचे निशाण सचिननेच फडकविले. ही चित्रे आमच्या तरुण मंडळींच्या संग्रहात मानाच्या जागी आहेत. परंतु २९ डिसेंबर २०१३ रोजी बर्फावर घसरून शूमाकरच्या डोक्यास जबर इजा झाली, आणि तेव्हापासून त्याच्या कुटुंबाने त्याचे एकही चित्र बाहेर येऊ दिलेले नाही. अशी खासगी चित्रे मिळवून कुटुंबाकडून खंडणी उकळण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याबद्दल जर्मनीतील वुपर्टालच्या न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत तिघांस दोषी ठरविले. आता विचारावयाचे ते हे: ज्याने आयुष्याची वीस वर्षे कॅमेऱ्यापुढे काढली, त्याने हे एक चित्र आम्हांस का देऊ नये? याचे उत्तर आमच्या सिद्धान्तातच आहे. नाव जाणणे हा अधिकार नव्हे, बंधन होय. शर्यतीच्या मार्गावर तो स्वेच्छेने उतरला होता, अंथरुणावर नाही. आणि विल्यमसनचे चित्र पाहून जसे काही कळते, काही सुधारते, तसे या चित्राने काहीच होणार नाही. केवळ आपली उत्सुकता शमेल. ज्या पाहण्यातून पाहिल्या जाणाराचे किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्याचे काहीही हित होत नाही आणि ज्यास त्याची संमती नाही, ते पाहणे टाळणे हाच त्या माणसाचा सन्मान. ते न उघडलेले चित्र हेही ऋण फेडण्याचाच एक प्रकार आहे.

परदेशीच्या या गोष्टींचा आपल्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे. कोपर स्थानकावरून जलद गाड्या न थांबता जातात. त्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे आम्ही नित्य पाहतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडले व त्यांतील काही प्राणास मुकले. दिवा-मुंब्र्याच्या या पट्ट्यात एकेकटा पडणारा तर वर्तमानपत्राच्या दोन ओळींतही मावत नाही. अशा वेळी रुळांजवळ सर्वांत आधी काय पोहोचते? बहुधा कोणाचा तरी मोबाईल. ते चित्र घटकाभरात गावभर होते. त्यात वेग नाही, शौर्य नाही, आणि बहुतेक वेळा नावही नाही. ‘एक इसम’ एवढीच त्याची ओळख. झांडफोर्टच्या वाळूत मेलेल्या परक्या तरुणाचे वय, त्याची मोटार, त्याच्यासाठी धावलेल्याचे नाव आमच्या गावात तोंडपाठ असावे, आणि आमच्याच रुळांवर पडलेल्याचे नाव कोणी विचारूही नये, ही विसंगती आम्हांस फार बोचते. तरीही तीमुळे निराश होण्याचे कारण नाही. कारण चित्राकडे कसे पहावे हे ज्यांस ठाऊक आहे अशी माणसे आमच्यात आहेत. त्यांनी ती सवय केवळ शर्यतीपुरती राखली आहे, इतकेच.

तेव्हा पाहूच नये असा उपदेश आम्ही करणार नाही. तो कोणी पाळणारही नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की पाहणे ही कृती आहे, आणि इतर कृतींप्रमाणे तिचीही जबाबदारी असते. जेथे धावून जाणे शक्य आहे तेथे प्रथम धावावे. तेथे मोबाईल काढणे हा अपराधच. धावणे शक्य नसेल, काळ लोटला असेल, तर नाव विचारावे, कारण विचारावे, आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून ज्यास विचारावयाचे त्यास विचारीत राहावे. आणि जेथे दाखविणाराची इच्छा नाही तेथे डोळे वळवावे. यांपैकी एकही गोष्ट ज्याच्याने होत नाही, त्याने ते चित्र पुढच्या माणसाच्या हाती देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. जाणारे चालक झांडफोर्टला थांबले नाहीत; त्यांना वेळ नव्हता. आपल्यापाशी वेळ आहे.