हायलाइटर कुणासाठी?

फिक्या टाइल्सच्या भिंतीत मधूनच जी रंगीत पट्टी बसवतात, तिला दुकानदार ‘हायलाइटर’ म्हणतात. न्हाणीघरात तिची जागा ती किती! पण तिचा रंग ठरवताना आमच्या घरात जी चर्चा झाली, तिच्यातून एक प्रश्न उरला: घरातला रंग आपण नेमका कुणाच्या वतीने निवडतो?

भिलाईत हा प्रश्न उशिरा पडतो. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याभोवती सेक्टर वसले, आणि क्वार्टरच्या भिंतींचा रंग कंपनीने ठरवला. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटतं, माणूस हुडकोत स्वतःच्या घरात येतो, आणि साठीला आल्यावर त्याला प्रथमच कुणीतरी विचारतं, “रंग कोणता?”

कांटने १७९०च्या आपल्या ग्रंथात जांभळ्या रंगाचंच उदाहरण घेतलं आहे. एकाला तो कोमल वाटतो, दुसऱ्याला निर्जीव. निव्वळ आवडीनिवडीवर वाद घालण्यात अर्थ नाही. मान्य. पण त्याच्या उदाहरणातला जांभळा कुणाच्या भिंतीत सिमेंटने बसवलेला नाही. माझी आवड मात्र घरातल्या सगळ्यांना रोज सकाळी पाहावी लागणार.

आमच्याकडे सर्वांत वजनदार मत होतं घरात नसलेल्या माणसाचं. “उद्या घर विकायचं झालं तर?” या एका वाक्यासरशी निळा गेला, विटकरी गेला, राखाडी उरला. तो भावी गिऱ्हाईक इथे कधी आंघोळ करील की नाही, कुणास ठाऊक. त्याचं आपण काही लागतो का? लागतो. पाण्याचा उतार नीट हवा, भिंतीत ओल मुरता कामा नये. पुढच्या माणसाला इजा होऊ नये, इतकं त्याचं देणं आहे. रंगाने इजा होत नाही. नावडला तर तो बदलील.

आईचं तसं नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. फिकी भिंत, फिकी फरशी आणि पांढरं कमोड तिच्या नजरेत एक होऊन जातात. भिंत कुठे संपली आणि फरशी कुठे सुरू झाली, हे तिला कळायला हवं. तिथे रंग हा आवडीचा विषय उरत नाही. गडद पट्टी कमरेच्या उंचीवर न घेता खाली, फरशीलगत घ्यायची, हे त्यावरून ठरतं. राखाडीही बाद होतो, कारण फिक्यात तोही मिसळतो.

मग माझ्या आवडीला काय उरलं? गडदांमधला एक. मी विटकरी घेतला. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला दिसतोय. तुला आवडतो ना?” माझ्या हिशेबात तिची फक्त नजर होती, तिच्या हिशेबात माझी आवडही होती.