ओट्याजवळचा पडदा

दिवाणखान्याला महागडे पडदे आणि ओट्याजवळच्या खिडकीला जुन्या साडीचा तुकडा, हा आपला घरोघरचा न्याय! त्या खिडकीसाठी मांजरपाट आणून स्वतः रंगवून पाहा. कापड आधी धुवायचं. खळ निघाली नाही तर रंग धाग्यात मुरत नाही, वरच्यावर बसतो आणि धुताना सुटतो. फॅब्रिक कलर पूर्ण वाळला की उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची. उष्णतेनं तो पक्का होतो.

नक्षी कोणती? डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढत आल्या. ब्रश म्हणजे टोक चेचलेली बांबूची काडी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदा-कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण, चार रेघा, आणि धान्य कांडणारी बाई उभी राहते! पण वारलीच हवी असं कुठं आहे? भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून ठसा उमटवा, पाच पाकळ्यांचं फूल तयार. कढीपत्त्याची डहाळी तर रोज हाताशीच असते. रेघ वाकडी गेली तर खुशाल जाऊ द्या. मात्र पडदा आखूड शिवा आणि गॅसच्या ज्योतीपासून लांब ठेवा.