पावतीचा तास

बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात १८ मार्च १९९०च्या पहाटे पोलिसांच्या वेशातले दोघे शिरले, पहारेकऱ्यांना बांधून ठेवलं आणि ८१ मिनिटांत १३ कलावस्तू घेऊन पसार झाले. त्यांत व्हर्मीर होता, रेम्ब्रांट होता. यातलं काहीही अजून परत मिळालेलं नाही. रिकाम्या चौकटी तिथल्या भिंतींवर तशाच टांगलेल्या आहेत. ‘कलाविषयक गुन्हे’ हा विषय निवडणारा विद्यार्थी वर्गात येतो तो बहुधा अशा गोष्टींच्या ओढीनं. शिकवणाऱ्याची पहिली अडचण तीच. कारण या विषयाचा खरा ऐवज म्हणजे पावत्या, पत्रं आणि मालकीचे दाखले.

हा विषय आता विद्यापीठांत रुळला आहे. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात तो शिकवतात, ग्लासगो विद्यापीठात शिकवतात. इटलीतल्या अमेलिया या छोट्या गावात २००९पासून उन्हाळ्यात त्याचा खास अभ्यासक्रम भरतो. पण तो नेमका कोणत्या विभागाचा? गुन्हेशास्त्र, कायदा, रसायनशास्त्र सगळेच त्यावर हक्क सांगू शकतात. खरं तर तो सर्वांत जास्त गरजेचा आहे कलेतिहासाच्या विभागाला, कारण या गुन्ह्यांत तो विभाग साक्षीदारही असतो आणि अनेकदा आरोपीच्या शेजारी उभाही असतो.

सुरुवात मात्र संशयापासून करावी लागते. अमली पदार्थ आणि शस्त्रं यांच्याखालोखाल कलावस्तूंची तस्करी हा जगातला तिसरा मोठा बेकायदा व्यापार, असं वाक्य लेखांतून, भाषणांतून सर्रास फिरतं. असा दावा करता येईल अशी आकडेवारी आपल्याकडे नाही, हे खुद्द इंटरपोलनंच सांगितलेलं आहे. वस्तूचा इतिहास तपासायला निघालेल्या विद्यार्थ्यानं आधी वाक्याचा इतिहास तपासलेला बरा.

मग येतो व्हर्मीरची नकली चित्रं करणारा हान व्हान मेगेरेन. या डच चित्रकारानं सतराव्या शतकातला जुना कॅनव्हास मिळवला, त्यावरचं चित्र खरवडून काढलं आणि रंगांत बेकेलाइटचे घटक मिसळून नवं चित्र भट्टीत भाजलं, म्हणजे रंग शतकांपूर्वीचा वाटावा इतका कडक व्हावा. नंतर कॅनव्हास गुंडाळून तडे पाडले आणि तड्यांत शाई भरली. ही कृती वर्गात सांगावी का, असा प्रश्न कोणी विचारेल. पण भट्टीपेक्षा महत्त्वाचं कारस्थान वेगळंच होतं. व्हर्मीरनं धार्मिक चित्रंही काढली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क होता. मेगेरेननं नेमकी ती पोकळी भरली. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या नामांकित तज्ज्ञानं चित्राची तोंड भरून तारीफ केली आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयानं ते घेतलं. १९४५मध्ये, नाझी नेता गोअरिंग याला ‘व्हर्मीर’ विकल्याच्या आरोपाखाली पकडलं गेल्यावर मेगेरेननं सगळं कबूल केलं. साक्षीदारांसमोर आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून त्यानं आपल्या हाताची खात्री पटवली.

ब्रेडियस लबाड नव्हता. तज्ज्ञाला जे सापडायला हवं होतं, तेच त्याच्यापुढे आणून ठेवलं गेलं होतं.

हीच गोष्ट भारतीय वर्गात अधिक जवळून दिसते. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथन गावच्या मंदिरातला चोळकालीन कांस्य नटराज चोरीला गेला. न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्यामार्फत तो २००८ साली सुमारे ५० लाख डॉलरना ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत पोहोचला. सोबत कागद होते. मूर्ती १९७०मध्ये दिल्लीत विकत घेतल्याचं त्यांवरून दिसत होतं. हे साल सहज आलेलं नाही. सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा भारताचा पुरावशेष कायदा १९७२चा. हे कागद खोटे पाडले ते एका छायाचित्रानं. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं १९९४मध्ये टिपलेल्या छायाचित्रात तोच नटराज मंदिरात उभा होता! १९७०मध्ये दिल्लीत विकलेली मूर्ती १९९४मध्ये गावात कशी असेल?

वर्गात मंदिरातलं हे छायाचित्र आणि गॅलरीतल्या मूर्तीचं छायाचित्र शेजारी ठेवलं की विद्यार्थी आधी चेहरा बघतात, मुद्रा बघतात. निर्णायक ठरतात त्या ओतकामातल्या खुणा, प्रभावळीची झीज, अशा बारीकसारीक गोष्टी. शैलीचा अभ्यास मूर्ती चोळांची हे सांगतो. ती कोणाची आहे, हे सांगत नाही. आपल्याकडच्या कलेतिहासाच्या अभ्यासक्रमांत पहिल्या प्रश्नाला जितकं स्थान आहे, त्याच्या एक दशांशही दुसऱ्याला नसतं.

आधुनिक चित्रकलेची कथाही वेगळी नाही. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटाचे संस्थापक सदस्य सय्यद हैदर रझा जानेवारी २००९मध्ये दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीत, हे त्यांनी तिथेच सांगितलं. चित्रकार हयात होता म्हणून हे जमलं. तो गेल्यावर उरतात पुन्हा कागदच.

श्रीपुरंथनचा नटराज सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियानं भारताला परत दिला. २०२२मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयानं कपूरला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. बातम्या इथे थांबतात. वर्गाला थांबता येत नाही. परतलेली मूर्ती आधी खटल्यातला मुद्देमाल होती आणि तिची रवानगी सरकारी मूर्ती केंद्राच्या कुलपामागे झाली, कारण गावच्या देवळात पुन्हा चोरीची धास्ती होती. ऑस्ट्रेलियाच्या गॅलरीत तिला लोक बघत होते, गावात तिची पूजा होत होती. कुलपामागे दोन्ही नाही. मग मूर्तीनं असावं तरी कुठे? शेवटच्या तासाला हा प्रश्न फळ्यावर लिहिला, की गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी आणि कलेतिहासाचा विद्यार्थी यांचं भांडण जुंपतं, आणि तास संपल्यावरही ते कँटीनपर्यंत जातं.