बाहेरून पाठिंबा

पाठ ताठ, खांदे सैल ठेवून बसा. श्वासाला त्याच्या गतीने चालू द्या. आज एका माणसाच्या आयुष्यापाशी थोडा वेळ थांबू. तौफिक झय्याद. नाझरेथचे कवी, पॅलेस्टिनी अरब आणि इस्रायलचे नागरिक.

१९४८ला इस्रायल स्थापन झाल्यानंतर १९६६ पर्यंत तिथला अरब समाज लष्करी अंमलाखाली होता. मतदानाचा हक्क होता आणि आपल्या भागाबाहेर जायला लष्कराचा परवानाही लागत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरा. एकीच्या आड दुसरी जाऊ देऊ नका.

१९७३च्या निवडणुकीत झय्याद कम्युनिस्टांच्या यादीतून क्नेसेटवर, म्हणजे इस्रायलच्या संसदेवर, निवडून आले. १९७५मध्ये नाझरेथचे महापौर झाले. मग ३० मार्च १९७६चा दिवस आला. गालीलमधल्या जमिनी सरकार ताब्यात घेणार, म्हणून अरबांनी सार्वत्रिक संप केला. त्यात सहा जण मारले गेले. संपाच्या पुढाऱ्यांत झय्याद होते.

त्यानंतरही ते त्याच संसदेत जाऊन बसत, बोलत राहिले. इथे थांबा. पोटात एवढा संताप असताना त्या बाकावर बसायला काय लागत असेल? उत्तराची घाई नको.

आता १९९३कडे येऊ. १२० जणांचे सभागृह. आघाडीतला शास पक्ष बाहेर पडल्यावर पंतप्रधान राबीन यांच्या सरकारकडे उरले ५६. पाच सदस्यांनी बाहेरून पाठिंबा देऊन ते सावरून धरले. झय्याद त्या पाचांतले एक. त्यांच्यापैकी कुणालाही मंत्रिपद नव्हते. सप्टेंबरात पॅलेस्टिनींशी झालेला ऑस्लो शांतता करार ६१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. विरोधक म्हणत, अरबांच्या मतांवर टिकलेल्या सरकारला असा निर्णय घेण्याचा अधिकारच नाही.

विरोधकांचे हे वाक्य पुन्हा सावकाश मनात म्हणा. मत मोजायचे, पण त्याचे वजन मानायचे नाही. ही वागणूक आपल्या घरात, सोसायटीत, गावच्या ग्रामसभेत कुणाच्या वाट्याला येते? एक चेहरा आठवा. त्याच्यापाशी रेंगाळा.

५ जुलै १९९४ रोजी, जेरिकोत पॅलेस्टिनी नेते यासर अराफातांचे स्वागत करून परतताना झय्याद रस्ता अपघातात गेले. तेव्हाही ते महापौर होते आणि खासदारही. शहराची जबाबदारी आणि संसदेतला बाक, दोन्ही त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

डोळे उघडताना एक निश्चय करा. ज्याच्या होकारावर माझे काम तडीस जाते, त्याला निर्णयाच्या बैठकीतही बोलावीन. आणि मलाच कुणी बाहेर ठेवले, तर माझे मत मी ठणकावून देत राहीन.